नरक्या: विषारी की औषधी? आणि सालीचा काढा द्यावा का?

घाटमाथ्यावरचा:
नमस्कार मंडळी. आंबोलीच्या अलीकडे आमची थोडी वडिलोपार्जित जागा आहे, अर्धीअधिक रानच. काका तिथे राहतात, आम्ही पुण्यात. मध्यंतरी काकांकडे एक जण येऊन गेला, म्हणाला तुमच्या रानात नरक्या आहे, आम्ही मुळासकट काढून नेतो, किलोवर पैसे देतो. काकांनी वाटेला लावला त्याला. पण त्यांना स्वतःला या झाडाबद्दल एवढंच ठाऊक की पान चुरगाळलं की घाण वास मारतो आणि गुरं तोंड लावत नाहीत.

आता घरात वेगळंच सुरू झालंय. मावशीच्या यजमानांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, केमो चालू आहे. कोणीतरी व्हॉट्सॲपवर पाठवलं की केमोचं औषध याच झाडापासून बनतं, मग हजारो रुपये कशाला घालवता, सालीचा काढा घ्या. मावशी म्हणते तुमच्याच रानात आहे तर साल पाठवून दे. मला नाही म्हणायला जड जातंय पण हो म्हणायची भीतीही वाटते. ज्यांना या झाडाची खरोखर माहिती आहे त्यांनी सांगा.

रसायनवाली:
साल पाठवू नका. बाकी सविस्तर रात्री लिहिते, आत्ता लॅबमध्ये आहे.

तिरकस:
व्हॉट्सॲप विद्यापीठाचं वैद्यकीय महाविद्यालय यंदा फारच जोरात आहे. प्रवेश बंद करा कोणीतरी.

पानगळ:
आधी झाड तेच आहे का ते बघा, कारण रानात "नरक्या" म्हणून लोक दोन-तीन वेगळीच झाडं दाखवतात. खरा नरक्या म्हणजे नोथापोडायटीस निम्मोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फिटिडा. लहान झाड, बहुतेक वेळा दोन-अडीच पुरुष उंच, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. साल राखाडी, थोडी बुचासारखी आणि खरबरीत. पानं फांदीच्या टोकाला गर्दी करून, देठ लांब, आणि पानाचं बूड देठापाशी दोन्हीकडे सारखं नसतं, एक कड जरा खाली उतरलेली. गळलेल्या पानांचे वण फांदीवर ठळक दिसतात, ती खूण मला सगळ्यात भरवशाची वाटते. पावसात जून-जुलै-ऑगस्टमध्ये फिकट पिवळट फुलांचे झुपके येतात आणि मग नाक सांगतंच. फळ आधी हिरवं, मग लालसर, पिकलं की जांभळट काळं, आत एकच बी. लांबून जांभूळ वाटतं, म्हणून मुलं बरोबर असतील तर लक्ष ठेवा.

महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली, तिलारी, पुढे गोवा-कर्नाटक-केरळ असा सगळा घाट याचा. महाबळेश्वरकडे कळगूर म्हणतात, काही ठिकाणी घाणेरा. रस्त्याकडेची रंगीत फुलांची घाणेरी ती ही नव्हे, ते परदेशी तण.

मालवणी_गजाल:
रे बाबा, तो किलोवर पैसे देणारो परत इलो तर पयलो फॉरेस्टवाल्याक फोन कर, मगे बाकीच्या गजाली. आमच्या बाजूक असे लय फिरतत.

निसर्गोपचार_प्रेमी:
माझं मत वेगळं आहे. कंपन्या झाडातलं द्रव्य काढतात, पेटंट घेतात आणि लाखांत विकतात. तेच झाड आपल्या अंगणात असेल तर वापरायला काय हरकत? निसर्गात द्रव्य एकटं नसतं, त्याच्या जोडीला तोल सांभाळणारे घटकही असतात. थोड्या प्रमाणात घेऊन बघायला काय जातं. आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षं हेच केलं.

तिरकस:
"काय जातं" या प्रश्नाचं उत्तर या धाग्यात लवकरच मिळेल असं वाटतंय.

रसायनवाली:
हं, आता बसले निवांत.

या झाडात कॅम्प्टोथेसिन नावाचं अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारं एक जहाल द्रव्य, असतं. ते पहिल्यांदा सापडलं मात्र दुसऱ्याच झाडात, चीनमधल्या कॅम्प्टोथेका नावाच्या. १९६६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल आणि मनसुख वाणी यांनी ते वेगळं करून त्याची रचना सांगितली. हे वाणी आपले नंदुरबारचे, जन्म १९२५, शिक्षण मुंबई विद्यापीठात. टॅक्सोल हे दुसरं मोठं कॅन्सरचं औषध, तेही याच जोडीच्या प्रयोगशाळेतून १९७१ मध्ये पुढे आलं. शाळेच्या पुस्तकात एक ओळ तरी असायला हवी होती, पण ते जाऊ दे.

पुढची गंमत. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी सिबा या औषध कंपनीच्या गोरेगावातल्या संशोधन केंद्रातून जाहीर केलं की तेच द्रव्य आपल्या नरक्यात आहे, आणि चिनी झाडापेक्षा कितीतरी जास्त. साल-लाकडात साधारण ०.१ ते ०.३ टक्के. ऐकायला नगण्य वाटतं, पण वनस्पतीतल्या अशा द्रव्यांच्या हिशोबात हे भरपूर आहे. मुळांत आणखी जास्त, म्हणून तर तो माणूस "मुळासकट" म्हणाला.

आता विष की औषध. पेशी दुभंगायच्या आधी डीएनएची नक्कल होते, तेव्हा त्याचा पीळ सुटावा लागतो. सुतळीचा पीळ सोडवताना एक धागा कापून, फिरवून, परत गाठ मारावी तसं एक एन्झाइम हे काम करतं, त्याला टोपोआयसोमरेज-१ म्हणतात. कॅम्प्टोथेसिन नेमकं धागा कापलेला असताना मध्ये जाऊन बसतं आणि गाठ मारूच देत नाही. नक्कल करत येणारी यंत्रणा तिथे आदळते, डीएनए तुटतो, पेशी मरते. भराभर दुभंगणाऱ्या पेशी जास्त मरतात म्हणून कॅन्सरवर चालतं. पण शरीरात भराभर दुभंगणाऱ्या पेशी आणखी कुठे असतात? आतड्याच्या अस्तरात आणि अस्थिमज्जेत, जिथे रक्तपेशी बनतात. म्हणजे ज्या कामामुळे ते औषध त्याच कामामुळे विष. "औषधी भाग" आणि "विषारी भाग" असे दोन वेगळे कप्पे त्यात नाहीतच.

आणि ते थेट देऊन बघितलंय हो. १९७० च्या आसपास अमेरिकेत रुग्णांवर चाचण्या झाल्या. मूळ द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही म्हणून त्याचा सोडियम क्षार करून शिरेतून दिला. त्या रूपात रेणूतलं एक कडं उघडतं आणि कॅन्सरवरचा परिणाम घटतो. मग ते लघवीत उतरलं की तिथल्या आम्लतेत कडं परत बंद होतं, म्हणजे मूत्राशयात ताजं विष तयार. लोकांना मूत्राशयातून रक्तस्राव, उलट्या, जुलाब, रक्तपेशी घसरलेल्या. चाचण्या थांबवल्या. त्यानंतर रेणूत बदल करून टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन आली, दोन्हींना अमेरिकेत परवानगी मिळाली १९९६ मध्ये. मधली वीसेक वर्षं हे एन्झाइमचं कोडं सुटण्यात आणि रेणूला वळण लावण्यात गेली. काढा म्हणजे ती सगळी वर्षं वगळून परत १९७० ला जाणं, तेही मात्रा न मोजता.

कोथरूडकर_काकू:
रसायनवाली, इतकं सोपं करून सांगितलंत, धन्यवाद. नंदुरबारचं वाचून अंगावर काटा आला, माझं माहेर शहाद्याचं. आम्हाला कोणी कधी सांगितलंच नाही.

अर्धवट_वैद्य:
आयडीवर जाऊ नका, बीएएमएस आहे रीतसर. निसर्गोपचार प्रेमी, "हजारो वर्षं" म्हणालात तिथे थांबवतो. आपल्याकडच्या निघंटूंत, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या ग्रंथांत, हे झाड मला कुठे भेटलेलं नाही, याचा शास्त्रोक्त काढा-बिढा काही नाही. याची कॅन्सरची कीर्ती सगळी प्रयोगशाळेतून आली आणि मग तिला मागाहून परंपरेचा टिळा लावला. आयुर्वेद विषद्रव्यं वापरतोच, पण शोधन, म्हणजे विष उतरवायची प्रक्रिया, केल्याशिवाय नाही.

आणखी एक. नरक्याला काही जण "अमृता" म्हणतात, आणि अमृता म्हणजे आमच्याकडे गुळवेल. माझ्याकडे एक बाई सालीची पिशवी घेऊन आल्या होत्या, गुळवेल म्हणून कोणीतरी दिलेली. ती गुळवेल नव्हती एवढं नक्की. कुठल्याही सुकलेल्या सालीचं नाव ऐकून ती उकळू नका, ती कोणी काढली आणि कशावरून काढली हे विचारा.

निसर्गोपचार_प्रेमी:
ठीक आहे, निघंटूंचा मुद्दा मान्य. पण आदिवासींच्या तोंडी परंपरा ग्रंथात नसतात. सगळंच लिहून ठेवलेलं असतं असं नाही.

अर्धवट_वैद्य:
बरोबर, नसतात. पण मग ती परंपरा ज्याच्याकडे आहे त्याचं नाव-गाव, कुठला भाग, किती, कशात, हे सगळं बरोबर हवं. फॉरवर्डमध्ये फक्त "आदिवासी" एवढंच असतं, आणि खाली फोन नंबर.

शुश्रूषा:
माझ्या सासऱ्यांना मोठ्या आतड्यासाठी इरिनोटेकॅन दिलं होतं, म्हणून लिहिते. घाटमाथ्यावरचा, मावशीला हे वाचून दाखवा वाटल्यास. सलाईन चालू असतानाच पोटात मुरडा आणि घाम, त्यासाठी तिथल्या तिथे ॲट्रोपिन. ते बरं म्हणायचं, खरे जुलाब घरी आल्यावर काही दिवसांनी. डॉक्टरांनी आधीच लोपरामाइड, म्हणजे जुलाब थांबवायच्या गोळ्या, हातात देऊन ठेवलेलं, पहिला जुलाब झाला की घड्याळ लावून गोळ्या, रात्रीसुद्धा. मी फ्रिजवर कागद चिकटवला होता, वेळ, जुलाब, पाणी किती प्यायले. पांढऱ्या पेशी उतरल्या म्हणून एक सायकल पुढे ढकलली. हे सगळं मोजून-मापून दिलेल्या औषधाचं, आठवड्याला रक्त तपासून. आता यात कोणी घरी त्याच घराण्यातलं आणखी काही पाजलं आणि पेशी कोसळल्या, तर डॉक्टरांना कळणारही नाही की हे औषधाने झालं की काढ्याने. आमच्याही घरात एक नातेवाईक गोमूत्र अर्क आणि कसलंसं चूर्ण घेऊन आले होते. मी ती पिशवी उचलून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवली, "हे देऊ का?" त्यांनी नाही सांगितलं आणि माझ्यावरचं ओझं उतरलं. तुम्हीही तेच करा, नकार तुमच्या तोंडून जायलाच हवा असं नाही.

रसायनवाली:
शुश्रूषा, +१. जोडीला एवढंच, इरिनोटेकॅन यकृतात जाऊन एसएन-३८ नावाचं जास्त जहाल रूप घेतं. यकृत मग त्याला निकामी करून पित्तातून आतड्यात सोडतं, आणि तिथले जिवाणू त्याला परत जागं करतात, जुलाब बरेचसे त्यामुळे. काही माणसांत निकामी करणारं एन्झाइम जन्मतःच मंद असतं, त्यांना नेहमीची मात्राही झेपत नाही. डॉक्टर मात्रा कमी-जास्त करतात ती उगाच नाही.

याकुल्ट_फॅन:
इथे एक सामान्य ज्ञान टाकतो. इरिनोटेकॅन शोधलं कोणी माहितीये का? जपानच्या याकुल्टने! तेच ते छोट्या बाटलीतलं आंबटगोड दूध विकणारे. जपानमध्ये १९९४ लाच परवानगी मिळालेली.

तिरकस:
म्हणजे एका हाताने आतड्याचे जिवाणू वाढवायचे आणि दुसऱ्या हाताने... दोन्हीकडून धंदा. सलाम आहे.

देवगडचो_आपूस:
विषारी झाडांचा विषय निघालाय तर काजरा राहिला की. आमच्या बांधावर आहेत, नारिंगी फळं लगडतात, चेंडूगत दिसतात. लहानपणी आजी म्हणायची हात लावलास तर धुवून ये. आणि ककणेर (धनेश पक्षी) तीच फळं खाऊन मजेत उडतो.

पानगळ:
ककणेर गर खातो आणि बिया ओकून टाकतो, विष मुख्यतः बियांत. म्हणून त्याला चालतं. तुम्ही प्रयोग करू नका.

अर्धवट_वैद्य:
काजऱ्याचं बी म्हणजे कुचला, कुपीलू. शोधन म्हणतो ते हेच: गोमूत्रात दिवसचे दिवस भिजत घालायचं, मग दुधात उकळायचं, साल आणि मधली जिभली काढून टाकायची, मग तुपात परतायचं. तेव्हा कुठे अग्नितुंडी वटीत जातं. आणि तरीही कायद्याने ते शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. आतलं स्ट्रिक्नीन १८१८ मध्ये फ्रान्समध्ये वेगळं केलं गेलं. मज्जारज्जूतला ब्रेक काढून टाकतं, स्नायू कमानीसारखे ताठतात आणि माणूस शेवटपर्यंत शुद्धीवर असतो. भटकी कुत्री मारायला नगरपालिका हेच वापरायच्या.

मॅरेथॉनवेडा:
१९०४ च्या सेंट लुईस ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन जिंकणाऱ्या थॉमस हिक्सला धावताना त्याच्या माणसांनी स्ट्रिक्नीन पाजलं होतं, अंड्याच्या पांढऱ्यात घालून, वर ब्रँडी. ताकद यावी म्हणून! शेवटी त्याला धरून धरून आणला. आणि आमच्यात कोणी जेल घेतलं तरी लोक नाक मुरडतात.

कोथरूडकर_काकू:
बिब्बाही घ्या यादीत. बाळंतपणात मला गोडंब्यांचे, म्हणजे बिब्ब्याच्या आतल्या बियांचे, लाडू खाऊ घातले होते, चविष्ट. पण बिब्ब्याचं तेल उततं ना, माझ्या भावाच्या पोटरीवर लावलं होतं मुरगळलं म्हणून, महिनाभर फोड आणि अजून काळा डाग आहे.

संपादक_नाहीतर_कोण:
बिब्ब्याचा वेगळा धागा काढा प्लीज, इथे नरक्याच राहू दे.

चंदगडी:
तस्करीबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. आमच्याकडे आणि आजरा-राधानगरी बाजूला हे बरीच वर्षं चाललंय. रात्री काढायचं, सालीसकट तुकडे करायचे, वाळवून पोती भरायची, वर भाजी नाहीतर शेणखत टाकून घाट उतरायचा. उपटलेल्या जागी नुसते खड्डे, बाजूची रोपंही तुडवलेली. शहरातले लोक लगेच "गावकरीच चोर" म्हणतात. जरा थांबा. खणणाऱ्याला दिवसाची मजुरी सुटते, तीही कधी बुडते. पकडला गेला की केस त्याच्यावर, कोर्टाच्या तारखा त्याच्या. पोती पुढे कुठे जातात, पावडर कोण करतं, तिथपर्यंत कोणी पोचत नाही. आमच्या वाडीतल्या एका पोराला हे झाड कशाला लागतं हेसुद्धा माहीत नव्हतं, त्याला सांगितलेलं की अगरबत्तीला.

तिरकस:
त्या वासाची अगरबत्ती? देव घर सोडून जाईल.

घाटमाथ्यावरचा:
चंदगडी, आमच्याकडे आलेला माणूसही असाच बिचारा वाटला, काका म्हणाले पायात धड चप्पल नव्हती. पण आपल्या मालकीच्या जागेतलं झाड असेल तर कायदेशीर विकता येतं का? विकायचं नाहीये, माहिती म्हणून विचारतो.

रेंजर_निवृत्त:
मालकीची जागा असली तरी वनोपज रस्त्यावर आणायचं तर वाहतूक पास लागतो आणि तोडायलाही परवानगी आधी. "आम्ही सगळं बघतो, तुम्ही फक्त सही करा" असं म्हणणारा आला तर सही करू नका, कागदावर माल तुमचा दाखवतात आणि आत गाडीत राखीव जंगलातला भरतात. परत कोणी आलं तर वनखात्याची हेल्पलाइन १९२६, फुकट आहे. गाडी नंबर टिपता आला तर उत्तम, मागे धावायच्या भानगडीत पडू नका. काकांना हेही सांगा की कोणी नुसतं बुंध्यापासून कापून नेलं असेल तर खोड उकरून टाकू नका, त्याला परत फुटवे येतात. मुळं गेली तर मात्र संपलं.

निसर्गोपचार_प्रेमी:
मग लागवड का करत नाहीत? इतकी मागणी आहे तर शेतकऱ्याला पैसा मिळेल, जंगलही वाचेल.

रोपवाटिका_रत्नागिरी:
करतात थोडीफार, मीही रोपं करतो. अडचणी सांगतो. बी ताजं असतानाच पेरावं लागतं, वाळवून ठेवलं की उगवण पडते. उगवायला वेळ घेतं, लहान रोपाला सावली हवीच, उघड्या वरकस जमिनीत लावलं की उन्हाळ्यात करपतं. काही झाडं फुलतात पण फळ धरत नाहीत, त्यामुळे बी कुठल्या झाडावरून आणलं ते लक्षात ठेवावं लागतं. आणि मुख्य म्हणजे झाडाझाडात द्रव्याचं प्रमाण खूप वेगळं असतं, एकाच डोंगरावरसुद्धा. तपासणी न करता एकरभर लावलं आणि शेवटी कमी निघालं तर घेणारा पाठ फिरवतो. आंबा-काजूचं गणित शेतकऱ्याला तोंडपाठ असतं, याचं कोणालाच नाही. त्यात जंगलातून चोरीचा माल स्वस्तात येतोय तोवर लागवडीच्या मालाला भाव कोण देणार?

रसायनवाली:
यावर एक आशा होती. २००५ मध्ये जम्मूच्या सरकारी प्रयोगशाळेतल्या लोकांनी कोकणपट्ट्यातल्या नरक्याच्या आत राहणाऱ्या एका बुरशीतही कॅम्प्टोथेसिन मिळाल्याचं प्रसिद्ध केलं. म्हणजे झाड न तोडता टाकीत बुरशी वाढवायची! पण अशा बुरश्या झाडाबाहेर काढून पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की द्रव्य बनवणं कमी कमी करत जातात. आणि मागणी काही संपणारी नाही. स्तनाच्या कॅन्सरवर गाजत असलेलं ट्रास्टुझुमॅब डेरक्स्टेकॅन, त्यातला अँटिबॉडीला (कॅन्सरची पेशी हुडकून तिला चिकटणाऱ्या प्रथिनाला) बांधलेला विषाचा भागही याच कुळातला रेणू आहे. म्हणजे विष तेच, फक्त आता त्याला पत्ता लिहून पाठवतात.

शुश्रूषा:
घाटमाथ्यावरचा, मावशीचं काय झालं?

घाटमाथ्यावरचा:
फोन केला काल. मी झाडापासून सुरुवातच केली नाही, शुश्रूषाताईंचा सल्ला ऐकला, म्हटलं डॉक्टरांना विचारून ये, ते हो म्हणाले तर मी स्वतः साल घेऊन येतो. डॉक्टरांनी विचारलं की आतापर्यंत काही दिलंय का, आणि मग निघालं की कोणाकडून तरी आलेली एक पुडी आधीच घरात होती, दोनदा दिली होती. नरक्याच होती की काय, देव जाणे. त्यांनी रक्त तपासलं, पांढऱ्या पेशी खाली आहेत, या वेळची केमो पुढे ढकलली. पुडीमुळे की केमोमुळे ते सांगता येत नाही म्हणाले. मावशी रडत होती. काका (तिचे यजमान) मात्र म्हणाले, "कडू होतं रे फार, बरं झालं सुटलो."

निसर्गोपचार_प्रेमी:
काकांना लवकर बरं वाटो. पुडी कोणी दिली त्याचा शोध घ्या, ती दुसऱ्या कोणाच्याही घरी जाऊ नये. मी वर "थोडं घेऊन बघा" लिहिलंय ते संपादकांनी उडवलं तरी चालेल.

संपादक_नाहीतर_कोण:
उडवत नाही, खालच्या उत्तरांसकट राहू दे. पुढचा शोधत येणारा तेच विचारणार आहे.

अर्धवट_वैद्य:
उरलेली पुडी फेकू नका, डॉक्टरांकडे द्या. ताप आला, थोडासुद्धा, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. पेशी खाली असताना ताप म्हणजे घाईचं काम.

मालवणी_गजाल:
काकांका सांभाळ रे. आणि तुझ्या आंबोलीच्या काकांका सांग, रानात एकटो जाऊ नको रातीचो.

रोपवाटिका_रत्नागिरी:
घाटमाथ्यावरचा, तुमच्या रानातल्या झाडांना फळ धरतं का? धरत असेल तर थंडी सुरू होताना पिकलेली थोडी मला हवी आहेत, पडलेली चालतील पण किडकी नकोत. बदल्यात रोपं देईन, रानाच्या कडेने सावलीत लावा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.